बिली, जिमी आणि घरची वाटणी

मराठी समीक्षकांच्या तावडीतून आजवर फारसं काही सुटलेलं नाही. कथा, कविता, कादंबरी तर त्यांच्या हक्काच्याच; पण संगीत नाटकांचे पडदे झाले, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं झाली, लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' असं बजावणाऱ्या अडीच वर्षांच्या निमंत्रकांची भाषाशैलीही झाली. व्हिडिओ गेम तेवढा राहिला. तिकडे अजून कुणी विद्वान फिरकलेला दिसत नाही. प्लॉट मोकळा आहे असं पाहून मी त्याला तारेचं कुंपण घालून घेत आहे. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे मोकळ्या जागेवर पहिलं कुंपण घालणाऱ्याला फार मान असतो. निदान दुसरा येईपर्यंत.

'पण तुमचा अधिकार काय?' असं कुणीतरी विचारणारच. मी बी.कॉम. आहे, तेही दुसऱ्या वर्गात, आणि गेली वीसेक वर्षं एका बँकेत कारकून आहे. चेकवरची सही आणि आमच्याकडची नमुना सही शेजारी-शेजारी ठेवायची आणि दोन्ही एकाच माणसाच्या आहेत का ते ठरवायचं, हे माझं काम. काही लोक एस.टी. सुटत असल्यासारखी सही करतात, काहींचा हात म्हातारपणी थरथरतो, काहींना आपलं नाव कसं लिहितात हे दर वेळी नव्यानं सुचतं. एवढ्या-तेवढ्या फरकाला आम्ही फरक म्हणत नाही. पण आडनावच गायब असेल तर चेक परत. एखादा खेळ पार्लरमधून घरात येतो तेव्हा समीक्षकानं करायचं ते हेच. रंग फिका पडला, आवाज चिरका झाला, तर हात थरथरला म्हणून सोडून द्यायचं. आडनाव जागेवर आहे ना, ते बघायचं.

माझ्यापुढचा चेक आहे 'डबल ड्रॅगन'.

हा खेळ जपानच्या टेक्नोस कंपनीनं १९८७ साली काढला. योशिहिसा किशिमोतो हे त्याचे कर्ते. आदल्याच वर्षी त्यांनी शाळकरी पोरांच्या मारामाऱ्यांवर 'कुनिओ-कुन' नावाचा खेळ केला होता आणि त्याचा मालमसाला स्वतःच्या शाळेतल्या दिवसांतून उचलला होता. शाळेत मारामारी केल्याबद्दल ज्यांना नुसतं अंगठे धरून उभं राहावं लागलं, त्यांनी आपलं काय नुकसान झालं याचा हिशेब करावा. त्यात ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'नं किशिमोतोंना झपाटलं होतं. म्हणून खेळाच्या नावात ड्रॅगन आणि नायकांचं आडनाव ली.

नायक दोन. बिली ली आणि जिमी ली. भाऊ-भाऊ. खेळ सुरू होतो तेव्हा गुंडांची टोळी येते, मॅरियन नावाच्या मुलीच्या पोटात गुद्दा मारते आणि तिला बाजरीच्या पोत्यासारखी खांद्यावर टाकून चालू लागते. मागच्या गॅरेजचं दार वर जातं आणि दोघे भाऊ बाहेर येतात. संपली प्रस्तावना! एवढ्या वेळात मराठी कादंबरीकाराचं नायकाच्या आजोळचं अंगणसुद्धा झाडून होत नाही. पुढं गरीब वस्ती, कारखाना, जंगल आणि खलनायकाचा अड्डा असे चार अंक, आणि शेवटी मशीनगन घेऊन उभा असलेला विली.

आमच्या नारायणगावात हे दोघे भाऊ आले १९९२-९३च्या सुमारास, स्टँडजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. शेडच्या दारावर 'व्हिडिओ पार्लर' असं लिहिलं होतं. पार्लर म्हणजे आइस्क्रीमचं किंवा बायकांचं, एवढंच ठाऊक असलेल्या आमच्या आजीनं 'पोरगं पार्लरमध्ये जातंय' हे ऐकून तीन दिवस माझ्या भुवया तपासल्या होत्या. आत कपाटाएवढी चार खोकी. खोक्याला काच, काचेखाली दांडे आणि बटणं, आणि गुडघ्याच्या उंचीवर रुपया टाकायची फट.

पैसे देऊन गर्दीत उभं राहून कला बघणं हे नारायणगावला नवं नव्हतं. गाव तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. आणि फटीत नाणं टाकणं तर मुळीच नवं नव्हतं. आमच्या तालुक्यातला नाणेघाट सातवाहनांच्या वेळचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोकणातून जुन्नरला येणारा माल या वाटेनं चढायचा आणि घाटमाथ्यावर जो भला थोरला दगडी रांजण आहे त्यात जकातीची नाणी पडायची, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नाणं टाका आणि पुढं सरका, ही रीत ज्या मातीत एवढी मुरलेली, तिथल्या पोराला व्हिडिओ गेम कुणी शिकवावा लागत नाही. शिकवावं लागलं ते एवढंच, की रुपयाला दोरा बांधून तो परत ओढता येत नाही. मालकाला ही युक्ती आमच्याआधीपासून माहीत होती.

पार्लरमधल्या त्या मूळ खेळाची थोरवी कशात होती, ते सांगतो. डाव्या दांड्यावर एक जण उभा राहायचा, तो निळ्या कपड्यातला बिली. उजव्या दांड्यावर दुसरा, तो लाल कपड्यातला जिमी. दोघं एकाच वेळी, एकाच पडद्यावर, खांद्याला खांदा लावून. पडद्यातल्या भावांचे खांदे लागायचे आणि बाहेरच्या दोघांचेही लागायचे, कारण खोकं अरुंद होतं. मागं सात-आठ बिनपैशाचे सल्लागार. 'चाबूक उचल, चाबूक!' 'आरं, ती लिंडा हाय, बाईमाणूस समजून सोडू नको!' अबोबो नावाचा टकला राक्षस भिंत फोडून आला की सगळी शेड एकदम मागं सरकायची.

खेळात लाथा होत्या, गुद्दे होते, केस धरून गुडघ्यानं हाणणं होतं. पण सगळ्यांत जालीम हत्यार कुठलं, तर कोपर. शत्रूकडे पाठ करून उभं राहायचं आणि तो जवळ आला की कोपर मारायचं. अबोबोसुद्धा आडवा. एवढी शस्त्रं असताना कोपरखळीनं काम भागतं, हे ज्या खेळाला कळलं त्याचा कर्ता विनोदी लेखक व्हायचा थोडक्यात राहिला, असं माझं मत आहे. दोषही होते. पडद्यावर माणसं वाढली की यंत्राला धाप लागायची आणि सगळे कंबरभर पाण्यातून चालल्यासारखे चालायचे. पगाराच्या दिवशी आमची शाखा चालते, साधारण त्या वेगानं.

आणि एक गंमत. तुमचा गुद्दा शेजारच्या भावालाही लागायचा. मुद्दाम मारा, चुकून मारा, यंत्र भेद करत नसे. पुढं तर याहून मोठी गंमत होती. विली मेला आणि तोवर दोघंही भाऊ जिवंत राहिले, तर खेळ संपत नसे. मॅरियन कुणाची, यासाठी भावाभावांची शेवटची झुंज लागायची. म्हणजे मूळ खेळातही भाऊबंदकी होतीच. पण ती अगदी शेवटी होती. आधी चारही अंक एकत्र लढायचं, एकानं पडलेल्याला सावरेपर्यंत दुसऱ्यानं गुंड अंगावर घ्यायचे, सगळं मिळवून झाल्यावर मग काय ते भांडण. हा क्रम वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावा. सगळी समीक्षा यावर उभी आहे.

ज्या दिवसांत हा खेळ गावात आला, त्याच दिवसांत आमच्या घरात वाटणी चालू होती. माझे वडील, म्हणजे आप्पा, आणि थोरले काका, म्हणजे तात्या, यांनी जमीन, विहिरीची पाळी, बैल, तांब्याचा बंब आणि देव्हाऱ्यातले टाक एवढं सगळं वाटून झाल्यावर माजघराच्या मधोमध भिंत घातली. बंब एकच होता, म्हणून तो तात्यांकडे आणि त्याचं झाकण आमच्याकडे आलं. भिंत विटांची होती, पण तीतून दोन्हीकडची फोडणी आरपार जायची, त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय हे गुपित राहिलं नाही. बोलणं मात्र थांबलं.

तात्यांचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणतो. तो त्यांच्या दारानं बाहेर पडायचा, मी आमच्या. तो स्टँडकडे वरच्या आळीनं जायचा, मी खालच्या. आणि पाच मिनिटांनी दोघंही पत्र्याच्या शेडमध्ये एकाच खोक्यासमोर उभे. त्याच्याकडे निळा, माझ्याकडे लाल. दादा बिली, मी जिमी. घरी जे चाललं होतं त्याबद्दल आम्ही अवाक्षर काढत नसू. 'तू खालचे घे, मी वरचे घेतो,' एवढ्यात सगळं बोलणं व्हायचं. त्या काळात आमच्या कुटुंबाच्या दोन शाखांमधला हा एकमेव चालू व्यवहार होता, आणि तो रुपयावर चालला होता.

अशात तात्यांनी पुण्याच्या तपकीर गल्लीतून दादासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. जपानी फॅमिकॉमची ती नक्कल होती. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गाच्या घरोघरी शिरलेली ती पेटी आठवत असेलच: दोन वायरी, दोन रिमोट, वरून खोचायची कॅसेट. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. ती मंत्रासारखी सगळ्या देशाला एकदम कशी पाठ झाली, हा संशोधनाचा विषय आहे. त्याच वर्षांत आमच्या शेजारी खोडदला जीएमआरटीची महादुर्बीण उभी राहत होती. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, आणि काम काय, तर कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची कुजबुज ऐकायची. इकडे आमच्या गावात दोन फुटांवरच्या पेटीतला बिली टीव्हीत उतरवायला तात्या तासभर बटण पिळत होते. शेवटी तो आला, पण मुंग्यांच्या पावसात.

कॅसेट 'डबल ड्रॅगन'चीच होती. हीच ती घरची आवृत्ती. खुद्द टेक्नोसनं १९८८ साली फॅमिकॉमसाठी केलेली. आता आमच्या पद्धतीनं तिचा ताळेबंद मांडू.

जमेची बाजू आधी. गाणं झकास होतं. पार्लरच्या गोंगाटात जे कधी कानावर पडलं नाही, ते घरी ऐकू आलं आणि अजून डोक्यात आहे. वाटेत गुहा घातल्या होत्या, वरून सुळके पडायचे, सरकत्या ठोकळ्यांवरून उड्या मारायच्या होत्या. मारामारीच्या खेळात हा उड्यांचा पेपर कुणी मागितला होता कोण जाणे, पण भरपाई म्हणून काहीतरी जास्तीचं देण्याची वृत्ती चांगली. आणि सगळ्यांत नामी गोष्ट म्हणजे बदाम. पार्लरमधला बिली पहिल्या रुपयापासून सगळे डाव जाणत होता. घरचा बिली येतो तो अर्धशिक्षित. त्याला नुसते गुद्दे आणि लाथा ठाऊक. मारामारी करत हजार गुण साठले की एक बदाम मिळतो आणि एक नवा डाव खुला होतो. असे सात बदाम. पत्त्यांतला 'बदाम सात' आमच्या घरी उन्हाळाभर चाले, त्यामुळे ही कल्पना आम्हाला लगेच पटली. पुढं नोकरीला लागल्यावर तर ती अधिकच पटली. कारकून म्हणून चिकटता तेव्हा तुम्हाला फक्त शिक्के मारता येतात. दर काही वर्षांनी एक बदाम. आणि सातव्या बदामाला, जेव्हा साहेबाला कोपर कसं मारायचं हे उमगतं, तेव्हा निवृत्तीचं नारळ-शाल समोर येतं. वीज गेली की मात्र सातही बदाम जात. हे आमच्या पेन्शनबद्दल कुणी बोललं तर मी ऐकून घेणार नाही.

आता नावेची बाजू. पडद्यावर एका वेळी शत्रू दोनच, तेही एकाच छापाचे. दोन रोपर, नाहीतर दोन लिंडा. गुंडांची टोळी म्हणून जे येत होतं ते जुळ्यांचं संमेलन वाटायचं. हेही मी हात थरथरला म्हणून सोडून देतो. त्या पेटीची कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट. एवढ्या जागेत आमच्या शाखेतल्या एका खातेदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार मावणार नाही, तिथं त्यांनी आख्खी दंगल बसवली.

पण पुढची नोंद सोडून देण्यासारखी नाही. पेटीला रिमोट दोन. खेळाच्या नावात 'डबल'. आणि दोघांनी एकत्र खेळायची सोयच नाही! मोड ए, म्हणजे मूळ गोष्ट, ती दोघांनी खेळायची झाली तर आळीपाळीनं. दादा मरेपर्यंत मी मांडी घालून बसणार, मी मरेपर्यंत दादा. पार्लरमध्ये 'जप रे, मागं आला!' म्हणून ओरडणारे आम्ही, इथं तीन दिवसांत एकमेकाच्या मरणाची वाट बघायला लागलो. वाट बघता बघता माणूस हळूच म्हणतो, 'लवकर मर की!' हे वाक्य त्या घरात उच्चारलं जायला वेळ बरा नव्हता. भिंतीपलीकडून आईनं ऐकलं आणि मला जेवायला हाक मारली. दुपारचे चार वाजले होते.

दुसरा होता मोड बी. त्यात दोघांना एकाच वेळी खेळता येत होतं. कशासाठी? तर एकमेकाला मारण्यासाठी. समोरासमोर उभं राहायचं आणि एक आडवा होईपर्यंत हाणायचं. म्हणजे घरच्या आवृत्तीनं दोन भावांपुढं ठेवलेले पर्याय हे असे: एकत्र यायचं नसेल तर पाळी लावा, आणि एकत्र यायचंच असेल तर भांडा. आमच्या वाटणीतल्या पंचांनीसुद्धा शब्दशः हेच सुचवलं होतं. विहिरीबाबत.

तिसरी नोंद शेवटच्या अंकातली. दादानं मे महिन्यात, माझ्यादेखत, एका दमात विली मारला. आम्ही मॅरियनची वाट पाहत होतो. पण पडद्यावर आणखी एक जण आला. खरा म्होरक्या, या सगळ्या कटामागचा सूत्रधार. तो कोण, तर जिमी! सख्खा भाऊ. दुसऱ्या दांड्यावरचा माणूस घरच्या आवृत्तीत बसला नाही, म्हणून त्याला नुसतं वगळून ते थांबले नाहीत. त्याला खलनायक करून टाकलं.

दादा काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही. बोलली ती आजी. वाटणीत ती दोन्हीकडे सहा-सहा महिने होती आणि तेव्हा तात्यांकडची पाळी होती. माळ ओढता ओढता तिनं विचारलं, "आरं, ह्यो कोन आला आता?"

"त्याचा भाऊ आहे, आजी."

"सख्खा?"

"सख्खा."

"मंग वावराचं आसंल," असं म्हणून तिनं पुन्हा माळ धरली.

या खेळावर यापेक्षा नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही.

आता कुणी म्हणेल, बिचाऱ्यांचा नाइलाज झाला असेल. झालाच होता. दोन नायक आणि शत्रू असा सगळा जमाव त्या पेटीत एकदम नाचवणं बनवणाऱ्यांना तेव्हा साधलं नाही. पण त्याच १९८८ साली सेगानं आपल्या 'मास्टर सिस्टीम' नावाच्या आठ बिटांच्याच पेटीवर हाच खेळ आणला आणि त्यात दोन्ही भाऊ एकत्र लढत होते. चित्रं लुकलुकत होती, माणसं मध्येच अंतर्धान पावत होती, पण भाऊ दोन होते. तिथं सही थरथरली, आडनाव राहिलं. म्हणजे प्रश्न जागेचा असला तरी निवड असतेच. घर लहान पडलं की कुणी पाहुण्यांची सतरंजी पसरतं, कुणी भिंत घालतं.

आणि ही खोड एकट्या टेक्नोसची नाही. कॅपकॉम कंपनीचा 'फायनल फाइट' १९८९ साली पार्लरमध्ये आला. त्यात नायक तीन: हॅगर, कोडी आणि गाय. गाय हे माणसाचं नाव आहे, गैरसमज नसावा. पुढच्याच वर्षी हा खेळ 'सुपर फॅमिकॉम' या नव्या, दुप्पट बिटांच्या पेटीवर घरी आला तेव्हा दोघांनी खेळायची सोय गेली, एक आख्खा अंक गेला आणि गायही गेली. लोकांनी ओरड केली असावी, कारण १९९२ साली जपानात खास 'फायनल फाइट गाय' नावाची आवृत्ती निघाली. तिच्यात गाय परत आली आणि कोडी गेला. दावणीला दोन खुंटे आहेत म्हटल्यावर तिसरं जनावर कुठंतरी जाणारच. पण निदान त्यांनी गायीला खलनायक केलं नाही. वगळणं वेगळं आणि वगळून वर बदनाम करणं वेगळं. या दोहोंतला फरक बँकेतल्या बदल्यांचा अनुभव असलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

काउंटरवर बसून मी भाऊ बरेच पाहिले. पीककर्जाला सातबारा लागतो, आठ-अ लागतो, आणि सामाईक खातं असेल तर सगळ्या भावांच्या सह्या लागतात. काही भाऊ एकाच मोटारसायकलवरून येतात, माझ्यासमोर टोमॅटोच्या भावावरून कडाकडा भांडतात, सह्या करतात आणि एकाच मोटारसायकलवरून जातात. हे पार्लरची आवृत्ती खेळलेले. बरोबर राबून मग भांडणारे. यांचं भांडण मला गोड वाटतं, कारण त्यात हिशेब दोघांना पाठ असतो. आणि काही भाऊ आळीपाळीनं येतात. एक सकाळी, एक दुपारी. 'तो येऊन गेला का?' असं विचारतात, 'दादा आला होता का?' असं विचारत नाहीत. यांची वाटणी राबण्याआधीच झालेली असते. आणि असा एकही मला भेटला नाही, ज्याच्या गोष्टीत दुसरा भाऊ शेवटच्या अंकातला सूत्रधार नव्हता. जागा पुरली नाही, एवढंच खरं कारण असतं. पण 'जागा पुरली नाही' हे सांगायला माणसाला लाज वाटते. 'तोच बदमाश निघाला' हे सांगायला वाटत नाही.

तात्या पुढं आजारी पडले तेव्हा आप्पा दवाखान्यात रोज जायचे. डबा घेऊन, दोन्ही वेळा. पण तात्या झोपलेले असत तेव्हा जायचे. जागे झाले की आप्पा बाहेर बाकावर, आणि आत दुसरं कुणीतरी. अकरा वर्षं दोघांनी ही आळीपाळी पाळली होती, तिथंही मोडली नाही. तात्या गेले त्या रात्री आप्पांचीच पाळी होती. घरी आल्यावर त्यांनी बंबाचं झाकण घासून-पुसून तात्यांच्या दारात नेऊन ठेवलं. यावर मला समीक्षा करता येत नाही.

न्याय म्हणून हेही नोंदवलं पाहिजे, की टेक्नोसनं दुरुस्ती केली. 'डबल ड्रॅगन दोन' १९८९च्या अखेरीस त्याच फॅमिकॉमवर आला. पेटी तीच, बिटं तीच, स्मृती तेवढीच. आणि दोन्ही भाऊ एकत्र! जिमीवरचा आळ कुठल्याही खुलाशाशिवाय मागं घेतलेला. सरकारी खात्यातसुद्धा एवढ्या मुकाट्यानं निलंबन मागं घेत नाहीत. शिवाय दोघांनी खेळण्याचे प्रकार दोन: एकात भावाचा मार भावाला लागत नाही, दुसऱ्यात लागतो. खेळ सुरू होण्याआधीच दोघांनी मिळून ठरवायचं, की आपल्यात लागणार की नाही लागणार. माणसानं माणसासाठी केलेल्या सोयींत मी ही फार वरची मानतो. वाटणीपत्राच्या छापील नमुन्यात ही दोन खान्यांची ओळ कुणीतरी घालायला हवी.

दादाकडे ती दुसरी कॅसेट कधी आली नाही. तोवर पत्र्याच्या शेडमध्ये कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आला होता. या नावानं तो भारतात कुणालाच माहीत नाही. 'मुस्तफा' म्हटलं की चाळिशीतले गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ हसायला लागतात, तो हा. त्यात तिघं-तिघं एकत्र खेळायचे. दादा, मी, आणि मागच्या सल्लागारांपैकी ज्याच्याकडे रुपया असेल तो. या मुस्तफाची मूळ खेळाबरहुकूम घरची आवृत्ती त्या काळच्या कुठल्याच पेटीवर निघाली नाही. त्यामुळे तो जसा होता तसा राहिला. कुणाला वगळावं लागलं नाही, कुणावर आळ घ्यावा लागला नाही. शेड गेली, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.

आमच्या शेजारचा आंबेगाव तालुका. त्याचं ठाणं घोडेगावला, आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. पाणी शेतांना पोचलं, ऊस उभा राहिला, कुणाची तक्रार नाही असं मी म्हणणार नाही. पण नाव मात्र कुणी पुसलं नाही. बसच्या पाटीवर, सातबाऱ्यावर, आमच्या पासबुकावर ते ठळक छापलेलं असतं. काही बुडवावं लागलं तर निदान असं बुडवावं. 'डबल ड्रॅगन'च्या घरच्या आवृत्तीनंही नाव ठेवलं खरं, पण त्यातलं डबल बुडवून शिवाय असं सांगितलं, की तो दुसरा मुळात चांगला नव्हताच.

तेव्हा आमचा शेरा असा. गाण्याला पूर्ण गुण. बदामांना पूर्ण गुण. उड्यांना उत्तेजनार्थ. दोन किलोबाइटांत संसार केल्याबद्दल विशेष उल्लेख. एकूण दहापैकी सहा. उरलेले चार गुण मी कापलेले नाहीत, ते श्री. जिमी ली यांच्या नावे अनामत खात्यात ठेवले आहेत. त्यांनी ओळखपत्र आणि भावाचं संमतीपत्र घेऊन कामाच्या वेळात कधीही यावं. दोघं एकत्र आले तर जास्त बरं, सही जुळवायला सोपं जातं.